मागणीतला पाचवा हिस्सा

आमच्या रजयांच्या कारखान्यात तिला सगळे वेधशाळा म्हणायचे. तोंडावरसुद्धा. हिवाळ्यात किती रजया खपतील हे उन्हाळ्यातच सांगायचं, हे तिचं काम. आधी ती शिलाईला होती. बोटं आखडली, सुई धरवेना, तेव्हा मालकांनी तिला वरच्या खोलीत बसवलं.

मी भरणीवर होतो. खोळ नळीवर चढवायची, कोपरे धरून ठेवायचे, पायाने झडप दाबायची. कोपरे ढिले सुटले की कापूस मधेच साठतो आणि रजई गाठोड्यासारखी होते. दिवसभर हे केलं की खांदे भरून येतात. शिलाईला बाया ऐनवेळी मिळत नसत, आणि भरणीचं यंत्रही एकच होतं. थंडी पडल्यावर धावपळ करून उपयोग नसायचा. माल आधीच गोदामात लागायचा, म्हणून उन्हाळ्यात दोन पाळ्या चालायच्या.

दुकानदार मागणी फुगवून कळवायचे. शंभर हव्या असल्या तर सव्वाशे मागायचे, कारण वेधशाळा कापणार हे त्यांना ठाऊक. ती पाचवा हिस्सा कापायची, कारण ते फुगवणार हे तिला ठाऊक. वर्षानुवर्षे दोघांचं बरं चाललं होतं.

मग मालकांनी नियम केला, न खपलेला माल परत घेणार नाही. त्या उन्हाळ्यात मागण्या आल्या त्या रोडावलेल्या. तशाच धरल्या तर दोन्ही पाळ्यांना पुरेल एवढं काम होतं. कापल्या तर एक पाळी बस होती. संध्याकाळची बंद झाली असती.

संध्याकाळच्या पाळीत वेधशाळेची धाकटी जाऊ शिलाईला होती. दीर वारल्यापासून जाऊ आणि तिची मुलगी वेधशाळेच्याच घरात, एका चुलीवर. पाळी बदलताना दोघी कँटीनमध्ये माझ्याच टेबलावर चहा घ्यायच्या.

"ताई, या वेळी कापू नकोस," जाऊ म्हणाली. "दुकानदार काय खुळे आहेत? माल गळ्यात पडणार म्हटल्यावर कोण फुगवून मागेल?"

"मलाही तसंच वाटतं."

"मग झालं तर."

शेजारच्या टेबलावरून कटाईवाला ओरडला, "अहो वेधशाळा, घरच्यांना सांभाळून अंदाज बांधा! नाहीतर चहा माझ्याकडे प्यावा लागेल!"

"तुझ्याकडचा चहा नको रे बाबा, त्यापेक्षा उपास बरा," जाऊ म्हणाली.

सगळे हसले. मीही हसलो. वेधशाळेने कप उचलला आणि न पिताच परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती जिन्यात भेटली.

"कापलंस?" मी विचारलं.

"कापलं."

"तुला तर वाटत होतं की..."

"न कापता घरच्याच माणसाची पाळी वाचली असती, भरणीकाका. काल कटाईवाला थट्टेत म्हणाला. उद्या सगळे खरंच म्हणाले असते."

मी खाली भरणीकडे वळलो. मला काम होतं.

संध्याकाळची पाळी बंद झाली. अंधार पडला की आता फक्त गेटावरचा दिवा लागायचा. जाऊ मुलीला घेऊन भावाच्या गावी गेली आणि तिथल्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात लागली. घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं होतं, असं वेधशाळेचा नवरा मला म्हणाला. वेधशाळा रोज वेळेवर यायची, वेळेवर जायची. चहाला आमच्या टेबलावर बसायची, पण भिंतीकडे तोंड करून.

हिवाळा आला. कडाक्याचा नव्हे, नेहमीसारखाच. दुकानदारांनी जेवढं मागितलं होतं तेवढं त्यांना खरोखरच हवं होतं. गोदाम रिकामं झालं तरी फोन थांबेनात. दिवसपाळीच्या बाया मान वर न करता शिवत होत्या, तरी खोळी पुरेनात. मी यंत्रापाशी हात बांधून उभा. उभं राहण्याचे कष्ट कामापेक्षा जास्त असतात, कारण त्यातून काही निघत नाही. पाळी आता पुन्हा सुरू केली तरी उन्हाळ्यात बुडालेल्या पाळ्या काही परत मिळणार नव्हत्या.

मालक रागावले नाहीत. "आकडा आहे, चुकतो कधी," म्हणाले. "जुन्या बायांना बोलवा, जमेल तेवढं करू."

फोन भरणीच्या खोलीत होता, वेधशाळा तिथे येऊन एकेकीला लावू लागली. खोळी नसल्याने यंत्र बंद होतं, त्यामुळे पलीकडचं बोलणंही मला ऐकू येत होतं. दोघीतिघींनी होकार दिला. मग तिने जावेला फोन लावला.

"पाळी परत सुरू होतेय. येतेस का?"

"कधीपर्यंत आहे, ताई?"

सगळ्या कारखान्याला वेधशाळा जे सांगायची, तेच जावेने विचारलं होतं.

"थंडी आहे तोवर तरी."

"आणि मग?"

"मग... मागणी बघून."

"मला अंदाज बांधून बसायला जमायचं नाही गं. इथे बारा महिने चादरी मळतात."

"मी तेव्हा कापायला नको होतं," वेधशाळा म्हणाली.

"ते मला माहीत होतं. तुलाही माहीत होतं."

आवाजात राग नव्हता. हवापाण्याबद्दल बोलावं तसं ती बोलली.

"पोरगी कशी आहे?"

"बरी आहे. शाळेत रमलीय."

"जेवते का नीट?"

"जेवते. ठेवू का? माझी पाळी आहे."

वेधशाळेने फोन ठेवला. जरा वेळ त्याच्यावर हात तसाच होता. मग तिने पुढच्या बाईचा नंबर लावला.