दिसलेला आकडा

सातवीच्या वर्गाला मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि त्याच वर्गाला इंग्रजीही. शाळा लहान, शिक्षक मोजके, म्हणून दोन्ही विषय एकाच माणसाच्या गळ्यात. पोरं मला मागून 'फळा' म्हणायची. ते मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आतून बरंही वाटायचं, कारण माझ्याइतका काठोकाठ भरलेला फळा शाळेत दुसऱ्या कुणाचा नसे. माझ्या निरोपाच्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, "सरांच्या हाताखालचं एकही पोर या दोन विषयांत नापास झालं नाही." टाळ्या पडल्या. मीही मान डोलावली. आता ते आठवलं की कान गरम होतात.

लिहायचं आहे ते माझ्याबद्दल नाही, एका मुलीबद्दल. तिला सगळा वर्ग 'सत्त्याण्णव' म्हणायचा. तिची आई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून द्यायची. घर दोन खोल्यांचं, त्यातली पुढची खोली कपड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेली, आणि ही त्या गठ्ठ्यांना टेकून अभ्यास करायची. अंगकाठी किरकोळ, बोलणं त्याहून किरकोळ, पण बघणं मात्र जबरदस्त. कुठलीही वस्तू हातात आली की उलटी करून खालूनसुद्धा बघणार. असं पोर वर्गात असलं की शिक्षकाला आनंद व्हायला हवा. मला तिचा वैताग यायचा, कारण ती तास लांबवायची.

माझी शिकवण्याची एक पद्धत होती. प्रयोगाच्या तासाला मी आधी फळ्यावर सगळी वही लिहून द्यायचो. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. निरीक्षणसुद्धा आधीच. मग बर्नर पेटवायचा. तास पस्तीस मिनिटांचा, पोरं बावन्न आणि थर्मामीटर एक, तेव्हा दुसरं काय करणार? वह्या तपासायला येणारे साहेब वह्या बघत, पाणी कुणी बघत नसे. आधी निरीक्षण आणि मग प्रयोग, यात काही उलटं आहे असं मला तेव्हा एकदाही वाटलं नाही.

त्या दिवशी पाणी उकळायचं होतं. पोरं रांगेने आली, थर्मामीटरकडे बघितल्यासारखं करून जागेवर गेली आणि फळ्यावरचं उतरवून घेतलं. एक्कावन्न वह्यांत शंभर अंश. हिच्या वहीत सत्त्याण्णव. त्याच आठवड्यात मी इंग्रजीत साधा भूतकाळ शिकवत होतो आणि प्रयोगावर पाच वाक्यं लिहायला सांगितली होती. तिथेही बाईसाहेबांनी टेचात लिहिलं होतं, 'आय सॉ नाइंटी सेव्हन.'

मी तिला पुढे बोलावलं आणि वही सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. म्हणालो, "हिच्या पाण्याला भारी घाई! तीन अंश आधीच उकळलं." वर्ग खो खो हसला.

"सर, मी दोनदा बघितलं," ती म्हणाली.

"मग तिसऱ्यांदा फळ्याकडे बघ."

हे वाक्य मला सुचलं म्हणून मी स्वतःवर खूश होतो. शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना मी ते दोघांना सांगूनही टाकलं. शिक्षा म्हणून तिला दोन्ही भाषांत दहा-दहा वेळा लिहून आणायला सांगितलं की पाणी शंभर अंशांना उकळतं. विज्ञानही झालं, इंग्रजीही झालं, असा माझा हिशेब.

तरी 'दोनदा बघितलं' हे काही डोक्यातून जाईना. संध्याकाळी शाळेचा थर्मामीटर खिशात घालून घरी आणला. बायको म्हणाली, "चहाच्या भांड्यात काय बुडवताय ते?" मी म्हटलं, गप्प बस जरा. पाणी खळाखळा उकळत होतं आणि पारा सत्त्याण्णववर ठाण मांडून बसला होता. भांडं बदललं, पाणी बदललं. सत्त्याण्णव. मग पाठ्यपुस्तक काढलं. त्याच धड्याच्या शेवटी बारीक अक्षरांत एक चौकट होती. उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून तिथे पाणी शंभरच्या आधीच उकळतं. आमचं गाव डोंगराच्या खांद्यावर बसलेलं. ती चौकट परीक्षेला येत नाही म्हणून मी दर वर्षी पोरांना पेन्सिलने तिच्यावर फुली मारायला लावायचो.

उद्या वर्गात सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण वर्गात पाऊल टाकलं तर मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "ए सत्त्याण्णव, वही दे तुझी!" आणि पुन्हा हशा. ती उठली, वही माझ्यापुढे ठेवली. दहा आणि दहा वाक्यं, मोत्यासारखं अक्षर. प्रयोगाच्या वहीतला आकडाही खोडून शंभर केलेला. एक वाक्य बोलायचं होतं मला. जीभ रेटेना. बावन्न पोरांसमोर 'माझं चुकलं' म्हणायचं म्हणजे उद्यापासून फळ्याला कोण विचारणार? मी सही केली आणि पुढचा धडा काढला.

त्यानंतर तिचा आकडा कधी चुकला नाही. पुस्तकात असेल तोच यायचा. वार्षिक परीक्षेत दोन्ही विषयांत वर्गात पहिली आली. मी तिच्या आईला म्हणालोसुद्धा, "बघा, लावलं की नाही वळण?" आईने इस्त्री बाजूला ठेवून मला हात जोडले.

पुढे ती आरोग्य केंद्रात लागली. लसींच्या खोलीची जबाबदारी तिच्याकडे. दोन मोठे फ्रिज, एक खुर्ची, आणि प्रत्येक फ्रिजच्या दारावर आतलं तापमान दाखवणारा छोटा पडदा व त्याखाली ते लिहायचा तक्ता. दिवसातून दोनदा आकडा बघून लिहायचा. दोन ते आठ अंशांच्या मधे असला पाहिजे. नातीला लस द्यायला नेलं तेव्हा मी ती खोली बघितली. ओळीने चार, चार, चार, चार, तेच मोत्यासारखं अक्षर. ती रांगेतल्या बायकांना म्हणाली, "हे माझे सर. खोक्यांवरचं इंग्रजी मी न अडखळता वाचते ना, ते यांच्यामुळे." मी छाती फुगवून घरी आलो. इतके सारखे चार कसे, असा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकाला पडायला हवा होता. पडला नाही.

या वर्षी एका रविवारी सकाळी ती घरी आली. चेहरा उतरलेला, हातात कागद. बायकोने विचारलं, "काय गं, बरं नाही का?" तर "काही नाही, काकू," म्हणून खाली बघत राहिली. बायको चहा ठेवायला आत गेल्यावर तिने सांगितलं. एका फ्रिजच्या दाराचं रबर सैल झालं होतं. दुरुस्तीवाल्याने येऊन फ्रिजच्या आतल्या यंत्रातली नोंद काढली, तर तीन दिवस आत अकरा अंश होते. आणि त्या तीन दिवसांच्या तक्त्यावर हिच्या हातचे चार. लस वाया गेली होती. एक्केचाळीस मुलांना पुन्हा टोचावं लागणार होतं. बरं एवढंच की कुणाला काही झालं नाही. तिला 'कारणे दाखवा' नोटीस आली होती आणि उत्तर इंग्रजीत द्यायचं होतं. उत्तर पटलं नाही तर नोकरी जाणार, हे त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

"सर, आकडा दिसायचा पडदा बंद होता, असं लिहून द्या," ती म्हणाली. "तुमचं इंग्रजी वजनदार आहे."

"बंद होता का?"

तिने हातातला कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "चालू होता. अकरा दिसत होतं."

"मग चार का लिहिलंस?"

"वाटलं, माझंच बघण्यात काहीतरी चुकत असेल. चारच असायला पाहिजे ना तिथे. मला पहिल्यापासून नीट वाचता येत नाही सर, तुम्हाला तर माहितीच आहे." आणि ती हसली. माझी समजूत काढत असल्यासारखी हसली.

मला खुर्चीत बसवेना. मी उठलो, खिडकीपाशी गेलो, परत आलो आणि एकदाचं सांगितलं. चहाचं भांडं, डोंगर, ती बारीक अक्षरांची चौकट, सगळं. तेव्हा तुझं बरोबर होतं, म्हणालो. तुझं एकटीचंच.

ती ऐकत होती. रडली नाही, चिडली नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने एवढंच विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी संध्याकाळी."

"आणि दुसऱ्या दिवशी तर मी वही दाखवायला आले होते."

"हो."

आतून कपबशांचा आवाज येत होता. तिने टेबलावरचं माझं पेन उचललं, कोरा कागद ओढला आणि स्वतःच लिहायला लागली. लिहून झाल्यावर सवयीने कागद माझ्यासमोर सरकवला. पडद्याचा उल्लेख नव्हता. 'आय सॉ इलेव्हन. आय रोट फोर.' पुढे लसींची संख्या, तारखा, झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी. मीही सवयीने चुका शोधल्या. एकही नव्हती. साधा भूतकाळ मी तिला चांगला शिकवला होता.

नोटिशीतला शेवटचा प्रश्न उरला होता. दिसलेला आकडा न लिहिण्याचं कारण काय?

"इथे शाळेतलं लिहू का, सर?" तिने विचारलं. "तुमचं नाव घालून? ते तुम्हाला विचारतील कदाचित. तुम्ही सांगाल ना?"

तिच्या विचारण्यात टोचणं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की मी सांगेन.

मी म्हणालो, "नको गं. सातवीतल्या गोष्टी कशाला? साहेब हसतील."

"बरं," ती म्हणाली. ती जागा कोरी सोडून तिने कागदाची घडी घातली. बायको चहा घेऊन आली तोवर ती चपला घालत होती.

साहेब हसले नसते. त्या कागदावर मला माझं नाव नको होतं, एवढंच खरं. पुढचं मला केंद्रातल्या औषधं देणाऱ्याकडून कळलं. कारणाची जागा रिकामी होती म्हणून साहेबांनी ती स्वतःच्या हाताने भरली, 'निष्काळजीपणा', आणि तिला घरी बसवलं. अपील करायला एक महिन्याची मुदत आहे. त्यातले एकोणीस दिवस गेले. आरोग्य केंद्र माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, आणि मी रोज त्याच्यावरून फिरायला जातो.