राक्षसाचं हाड

आश्विनातल्या उन्हात तापलेल्या काळ्या मातीला एक कोमट, किंचित लोखंडी वास येतो. वरोऱ्याच्या पलीकडच्या आमच्या गावात तो वास कपाशीच्या पिवळ्या फुलांवरून वाहत थेट देवीच्या मंडपात शिरायचा आणि कापराच्या धुरात विरघळून जायचा. ऐंशीच्या दशकातल्या त्या नवरात्रात मंडपात देवीसमोर एक दगडी हाड ठेवलेलं होतं, माणसाच्या कमरेएवढं जाड, शेंदूर फासलेलं. उन्हाळ्यात वामनभाऊंच्या वावरात वखराला ते अडकलं होतं. देवीनं मारलेल्या राक्षसाचं धड याच शिवारात कोसळलं, असं आमच्या गावच्या पोथीत होतं. आणि ती पोथी आयुष्यभर वाचणाऱ्या माझ्या बाबांना मोतीबिंदूमुळे अक्षर दिसेनासं झाल्यानं त्या वर्षी ती मी वाचत होते.

गावच्या शाळेत मी विज्ञान शिकवत असे. नागपूरहून आलेल्या भूगर्भशास्त्रज्ञांनी ते हाड पाहून सांगितलं होतं, की माणूस जन्मण्याच्या कोट्यवधी वर्षं आधी इथे वावरलेल्या एका महाकाय प्राण्याचं ते आहे. मी वर्गात तसंच शिकवलं. संध्याकाळी घरी येऊन देवीपुढे निरांजन लावताना या दोहोंत काही वैर असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

मंडपात मी वधाचा अध्याय सुरू करताच वामनभाऊ उठून उभे राहिले.

"बाई, पोरायले तुमी सांगतलं म्हने, हे जनावराचं हाय. मंग पोथी खोटी काय?"

"खोटी नाई, भाऊ. पोथीतला राक्षस म्हणजे आपल्याच मनातला लोभ, मत्सर. हाडाचा नि त्याचा संबंध नाई."

"बंद करा वाचनं! जिचा इस्वास नाई, तिच्या तोंडून आमाले आयकाचं नाई."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी चाचपडत हात पुढे केला, माझ्या मांडीवरची पोथी ओढून घेतली, लाल वस्त्रात गुंडाळली आणि ते मंडपाबाहेर गेले.

त्यानंतर विहिरीवर मला पाहून बायका पदर आवरून बाजूला होऊ लागल्या. दोघी-तिघींनी आपल्या मुलींना माझ्या तासाला बसायची मनाई केली. ते सगळं सोसलं असतं. पण बाबा घरात माझ्याकडे पाठ करून जेवत, आणि ती पाठ मला गावापेक्षा मोठी वाटे.

कापूस फुटू लागला तेव्हा एका सकाळी ते म्हणाले, "मले त्या वावरात ने."

बांधालगतच्या घळीत आणखी हाडं अर्धवट रुतलेली होती. बाबा उकिडवे बसले आणि अंधाऱ्या डोळ्यांची सारी भूक बोटांत आणून दगड चाचपत राहिले.

"पुरं आंग किती मोठं असन?"

मी पावलं मोजत लांब गेले आणि तिथून हाक मारली. हाक आली त्या दिशेला त्यांनी मान वळवली. चेहरा ताणला गेला.

"कोनं मारलं याले?" मी परतल्यावर त्यांनी विचारलं.

"कोनी नाई, बाबा. पान्यावर आलं असन, गाळात फसलं असन."

"तवा मानूस नव्हता?"

"नव्हता."

"म्हंजे पोथी नव्हती. नाव घेनारं कोनी नव्हतं." त्यांचा स्वर विखारी झाला. "तवा माही देवी कुठी होती? लिहिलं काय तुह्या पुस्तकात?"

मी त्यांना हात द्यायला वाकले, तर त्यांनी तो झटकला आणि कपाशीच्या तासातासांतून ठेचाळत एकटेच घराकडे निघाले.

मी घळीकाठी उभी राहिले. राक्षसाचं रूपक करून टाकायला मला एक वाक्य पुरलं होतं. देवी मात्र मी खरीच ठेवली होती, रोज तिच्यापुढे हात जोडले होते. एकाला पुसून दुसरीला राखण्याचा हा अधिकार मला कोणत्या पुस्तकानं दिला, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.