मी पोहायला गेले होते

मी विहिरीत जीव द्यायला गेले नव्हते. हे वाक्य त्या वर्षी मी किती लोकांना ऐकवलं असेल याची गणती नाही, आणि एकानंही ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाही. म्हणून आता लिहून ठेवते. लिहिलेलं मध्येच तोडून 'असू दे, असू दे, मन घट्ट करा' असं कुणाला म्हणता येत नाही.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले होते, आणि उजवा गुडघा माझ्याही आधी निवृत्त झाला होता. पस्तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहिल्याचं ते बक्षीस. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, वाटी बदलावी लागणार. ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर पुण्याहून महिन्यातून एकदा कोल्हापूरला यायचे, त्यामुळं नंबर लागायला चार महिने. त्यांनी माझी मांडी हातानं दाबून बघितली आणि म्हणाले, "बाई, गुडघा मी नवा देईन, पण तो उचलायचा तुमच्या मांडीनं. चार महिने पडून राहिलात तर ही मांडी वाळून जाईल आणि माझं काम फुकट जाईल. चालवत नसेल तर पाण्यात हालचाल करा. पाण्यात गुडघ्यावर भार येत नाही. महिनाभर आधी या, मांडी बघतो आणि मगच तारीख पक्की करतो."

म्हणजे सगळं मांडीवर आलं. मला पुन्हा स्वतःच्या पायांनी बाजारात जायचं होतं, मुलाचा खांदा न धरता संडासला जायचं होतं. यात कुणाला काय गैर वाटावं?

शहरातल्या पोहण्याच्या तलावात बायकांची वेळ भर दुपारची, आणि आत उतरायला सरळसोट लोखंडी शिडी. तिथं माझा गुडघा वाकला असता तर ऑपरेशन कशाला हवं होतं? आमच्या मळ्यातली विहीर मात्र दगडी पायऱ्यांची. घर मळ्यातच, शहर संपून ऊस सुरू होतो तिथं. घरापासून विहीर शंभर पावलांवर.

आणि मला पोहता येतं. माझं माहेर कागलच्या बाजूला, नदीकाठचं. आठव्या वर्षी वडिलांनी माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि सरळ नदीत ढकलून दिलं. दोन उन्हाळ्यांत डबा सुटला. मग लग्न झालं आणि पोहणं संपलं. मनाई कुणी केली नाही. कुणी विचारलंच नाही. सदतीस वर्षं त्या विहिरीचं पाणी मी भाताला घातलं, चहाला घातलं. अंगाला लागलं ते बादलीतूनच.

मुलगा फौंड्रीत पहिल्या पाळीला जायचा. तो गेला की मी आईचं जुनं लुगडं काष्टा मारून नेसायची, वरून शाल गुंडाळायची आणि काठी टेकत निघायची. सुनेला सांगायची, 'जरा फिरून येते.' खोटं बोलले, मान्य आहे. पण खरं सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी दीर दारात येऊन उभे राहिले असते. काठावर काठी, चपला, शालीची घडी आणि घडीवर चष्मा ठेवायचा. मग पायऱ्या बसत बसत उतरायच्या, लहान मूल जिना उतरतं तशा. पाण्यात शिरलं की गुडघा गप्प. दोन महिन्यांत मांडीला पीळ यायला लागला होता. उताणी पडून आभाळाकडं बघत पाय मारताना मला माझाच हेवा वाटायचा.

त्या सकाळी अशीच उताणी पडले होते. कान पाण्यात, त्यामुळं वरचं काही ऐकू येत नव्हतं. वैरणीला आलेल्या एका बाईनं काठावरची काठी बघितली, चपला बघितल्या, खाली मी पाण्यावर पसरलेली. तिनं बोंब ठोकली, "बाई विहिरीत पडल्या की वोऽ!" आणि माणसं आणायला रस्त्याकडं पळाली. मला यातलं काही कळलं नाही. मला कळलं ते एकदम धप्प झालं तेव्हा. आधी वाटलं, काठाचा दगड सुटला. मग दगडाला हात फुटले.

ती माझी सून होती. कबनूरची, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली पोर. नळाखेरीज पाणी म्हणून तिनं बघितलेलं नव्हतं. दोनदा वर आली, दोनदा खाली गेली. तिसऱ्यांदा मी तिची वेणी धरली, ओढत पायरीपर्यंत आणली आणि तिच्या पाठीत दोन गुद्दे घातले तेव्हा ती खोकली. त्या ओढाताणीत माझा गुडघा असा मुरगळला की डोळ्यांपुढं काजवे चमकले.

एवढ्यात रस्त्यावरची माणसं आली. त्यांना काय दिसलं? पायरीवर दोन ओल्या बायका, आणि सुनेनं सासूचा हात घट्ट धरलेला. पहिली कुजबूज अशी की सुनेनं छळलं म्हणून म्हातारी विहिरीत गेली. मी ओरडून सांगत होते, "अहो, मी पोहत होते!" तर एक जण दुसऱ्याला म्हणतो, "भरमिष्टल्यात." मला खांद्याला आणि पायाला धरून वर काढलं, तेही नेमक्या दुखऱ्या पायाला. चष्मा सगळ्यांनी पुरावा म्हणून बघितला. "बघा की, चष्मासुदिक काढून ठेवलता!" अरे बाबांनो, जीव द्यायला निघालेली बाई चष्मा शालीच्या घडीवर ठेवते काय?

दुपारपर्यंत गोष्ट फिरली. आता सून सासूला वाचवणारी झाली. दिरांनी विहिरीच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या टाकल्या आणि माझ्यापुढं येऊन बसले. "वैनी, आमचं काय चुकलं आसंल तर सांगा की. पर आसं करू नका."

"भाऊजी, मी पोहायला गेले होते."

"तुमच्या वयाची बाई पवाय जाती व्हय? ऐकलंय कुणी?"

सुनेकडं बघितलं. ती चहा गाळत होती. मान वर केली नाही.

आठवड्यानं मळ्याच्या रस्त्यापलीकडच्या गल्लीतल्या महिला मंडळानं तिचा सत्कार केला. हो, सत्कार! शाल, नारळ, ओटी, आणि 'सासूसाठी प्राण पणाला लावणारी सून' असं भाषण. मला पुढच्या खुर्चीत बसवलं होतं, वाचवलेली वस्तू म्हणून. सून खाली मान घालून उभी होती, आणि तिनं नारळ घेतला. त्या क्षणी मला तिचा जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात कुणाचा आला नसेल. गावाला अक्कल नाही हे मला पस्तीस वर्षं ठाऊक होतं. पण हिला सगळं माहीत होतं. वेणी तिची होती, हात माझा होता. घरी आल्यावर मी तिच्याशी बोलणं टाकलं. तो नारळ देवापुढं तसाच पडून राहिला. तिनंही तो फोडला नाही.

विहीर बंद, चालणं बंद. दिवसभर भेटायला येणारे, गडहिंग्लजपासून आलेले पै-पाहुणे, बिस्किटांचे पुडे आणि 'पडून ऱ्हावा, विश्रांती घ्या'. त्या पुड्यांच्या शेजारी पडून मी माझी मांडी वाळताना बघत होते. रोज सकाळी ती बोटांनी चाचपायची आणि रोज ती मऊ लागायची.

दोन आठवड्यांनी डॉक्टरांकडं जायचा दिवस आला. मुलाला सुटी नव्हती, म्हणून दीर आणि सून माझ्याबरोबर आले. मी आत जाऊन बसते न बसते तोच दिरांनी सुरुवात केली. "डॉक्टरसाहेब, एक सांगायचं हाय. वैनींचं मन ठिकाणावर न्हाय. विहिरीत उडी टाकलती." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. या ऑपरेशननंतर पेशंटनं जिद्दीनं व्यायाम करावा लागतो, म्हणाले. मनाची तयारी नसेल तर घाई करण्यात अर्थ नाही. आधी मानसोपचाराचे डॉक्टर बघू देत, मग चार-सहा महिन्यांनी विचार करू. माझ्याशी नाही, माझ्या डोक्यावरून दिरांशी बोलत होते. मी टेबलावर हात आपटला. "अहो, जिद्द होती म्हणून तर विहिरीत उतरत होते!" डॉक्टर इतक्या मायेनं हसले की मला ते टेबल उचलून फेकावंसं वाटलं.

तेव्हा मागून आवाज आला. "आत्ती जीव द्यायला गेल्या न्हवत्या."

दीर वळले. सून दाराला पाठ लावून उभी होती.

"त्या पवतच हुत्या. बुडत हुते ती मी. त्यांनीच मला केसाला धरून भाईर काढलं."

"मग सत्कार कसा घेतलास गं?" दीर ओरडले.

"सकाळी सगळी म्हणत हुती, माझ्यामुळं सासू विहिरीत गेली. माझ्या आईपतोर ती बातमी गेलती. दुपारी म्हणाय लागली, मी वाचीवलं. मग मी गप बसले." ती रडत नव्हती. "आता ह्यांचं आपरेशन ऱ्हातंय म्हटल्यावर कसं गप बसू?"

 डॉक्टरांनी मला टेबलावर झोपवून दोन्ही मांड्या टेपनं मोजल्या. "दोन आठवड्यांत बरीच गेली आहे," असं म्हणून पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "महिना आहे. परत पाण्यात उतरा. तारीख तीच राहील."

परतताना दीर रिक्षात ड्रायव्हरशेजारी बसले आणि मळा येईपर्यंत मागं वळले नाहीत. उतरल्यावर आधी जाऊन त्यांनी बाभळीच्या फांद्या ओढून बाजूला केल्या. माफी मागितली नाही. अजूनही मागितलेली नाही.

गल्लीत दुसऱ्या दिवसापासून सुनेला काय काय ऐकावं लागणार, हे मला रिक्षातच दिसत होतं. शाल परत मागायलाही कमी करणार नव्हत्या त्या बाया. तरी माझा राग पुरता उतरला नव्हता. तिथंच मी तिला विचारलं, "पण तुला पोहता येत नव्हतं ना? मग उडी कशी टाकलीस?"

 ती बाहेर बघत म्हणाली, "ते उडी टाकल्यावर ध्यानात आलं."

मला असला संताप आला की सांगता सोय नाही. पोहता येत नसताना विहिरीत उडी टाकणारी बाई मला माझ्या घरात नको होती. दुसऱ्या दिवशी मुलगा पाळीला गेल्यावर मी तेलाचा रिकामा डबा शोधला, तिला विहिरीवर नेलं आणि डबा तिच्या पाठीला बांधला.