सोमवारच्या सह्या

सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्न कारखान्यात मी सेफ्टीचं काम पाहायचो. भट्टीच्या मागे धुळीची एक बंद कोठी होती. ती साफ करायला ठेक्याचा माणूस आत उतरायचा. त्याआधी मी कोठीत मीटर सोडून तिथला गॅस तपासायचा आणि मग परमिटवर सही करायची, असा नियम. दर उतरण्याला वेगळं परमिट.

पण मीटर लावायचा म्हणजे अर्धा तास काम थांबायचं, आणि मॅनेजरला ते खपायचं नाही. म्हणून आम्ही एक सोय करून घेतली होती. सोमवारी सकाळी परमिटचं कोरं पॅड माझ्या टेबलावर यायचं, आणि मी आठवडाभराच्या सह्या एका दमात ठोकून द्यायचो. नाव, वेळ ठेकेदाराचा मुन्शी नंतर भरायचा. माझी सही झोकदार होती. लोक तारीफ करायचे आणि मी फुगायचो.

एका गुरुवारी सकाळी एक माणूस कोठीत उतरला तो वर आलाच नाही. दोराने ओढून काढला. मी धावत पोचलो तेव्हा त्याला शेडच्या सावलीत निजवलं होतं. एका पायात बूट नव्हता, तो आतच राहिला होता. मीटर माझ्या कपाटात कुलपात होता.

मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावून पाणी पाजलं. "कागज दुरुस्त है ना? बस, फिर क्या. सेफ्टी बेल्ट खोल दिया होगा उसने." कागद खरंच दुरुस्त होता. चौकशीत मी सांगितलं, गॅस तपासला होता. त्या सहीवर कारखाना सुटला आणि चूक मेलेल्याच्या माथी गेली.

त्याचे दिवस झाल्यावर त्याची बायको गेटवर आली. सगळे साहेब आत पळाले, मी सापडलो.

"भैया, आप मन जाँचे रहेव न?" तुम्ही तपासलं होतं ना, एवढंच तिने विचारलं.

मी म्हणालो, "हव."

तिच्याच बोलीत 'हो' म्हणालो. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

घरी बायकोने विचारलं, "काहून जेवून नाही राहिले?" तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमची काय चूक? वरच्यानं सांगतलं ते केलं. आपल्याले नोकरी करा लागते." हे वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. पण ते फार दिवस पुरलं नाही, कारण त्यानंतर मी मीटर लावल्याशिवाय एकही सही केली नाही. मॅनेजर आरडाओरडा करायचा, मी ऐकून घ्यायचो. माझी नोकरी गेली नाही, बदलीसुद्धा झाली नाही. नाही म्हणण्यात फक्त बोलणी खायची होती. तेवढी मी आधी खाल्ली असती तर तो माणूस घरी गेला असता. हे कळल्यापासून मला धड झोप नाही.

कारखान्याने त्याच्या बायकोला कॅन्टीनमध्ये लावून घेतलं. रोज अकरा वाजता ती माझ्यासमोर चहा ठेवायची, कमी साखरेचा, न सांगता. घटकाभर थांबायची आणि जायची. मी मान वर करायचो नाही. नऊ वर्षं.

निवृत्तीच्या दिवशी हारतुरे झाले, भाषणं झाली. माझ्या इमानदारीवर मॅनेजर बोलला. मी तिथून उठलो आणि कॅन्टीनमध्ये गेलो. ती एकटीच कप धूत होती. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "दीदी, उस दिन मैंने नहीं जाँचा था. साइन पहले से किया हुआ था."

तिने नळ बंद केला.

"मोला मालूम हे भैया. ओ घर मा बतावय, सोमवार के सब्बो साइन हो जाथे." नवऱ्याने तिला घरी सगळं सांगून ठेवलं होतं.

"फिर गेट पे पूछा क्यों?"

"देखत रहेंव, कोनो एक झन सच बोलही का." कोणी एक जण तरी खरं बोलतो का, हे ती बघत होती.

मग तिने कप पुसून फळीवर पालथे घातले आणि मला चहा हवा का, विचारलं.

नऊ वर्षं ती चहा ठेवून घटकाभर का थांबायची, ते मला तेव्हा कळलं.