अध्यासनाच्या गाडीवरचे अण्णा

सभागृहातला लाउडस्पीकर बंद करायचं काम माझं होतं, आणि नेमकं तेच मी विसरलो. त्यामुळे पलूसच्या अण्णा शिरतोड्यांच्या घरातली गोष्ट भर समारंभात सगळ्या सांगलीनं ऐकली.

आमच्या विद्यापीठात एक अध्यासन आहे. एका देणगीदाराच्या ठेवीवर परदेशी अभ्यासक इकडे आणायचे आणि इकडची मुलं तिकडे पाठवायची, एवढंच त्याचं काम. अण्णा त्याच्या गाडीवर चालक. कोयनानगरच्या घाटात पाहुण्यांना गाडी लागली, की अण्णा लिंबू हुंगायला देत आणि म्हणत, "जरा दम खा गड्या, आलंच." कित्येक विद्वान एवढंच मराठी शिकून मायदेशी परतले.

अण्णांची एकुलती एक मुलगी श्रद्धा आमच्याच अध्यासनातून दोन वर्षांसाठी जर्मनीला गेली. मधे तिची आई वारली, तेव्हाही तिला येता आलं नाही. यंदा ती परतणार, म्हणून अण्णांनी तिची खोली रंगवून घेतली होती.

समारंभ संपता संपता मी कौतुकानं तिला व्हिडिओ कॉलवर पडद्यावर आणलं आणि बापलेकीला बोलू द्यावं म्हणून अण्णांना पुढं ढकललं; लाउडस्पीकर तसाच चालू राहिला.

"अण्णा, मला इथं कायम केलंय," ती म्हणाली. "आता मी न्हाई येत."

सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. सगळे बघतायत म्हणून अण्णांनीही दोन टाळ्या वाजवल्या.

परतताना गाडीत मला गप्प बसवेना. "अण्णा, यंदा कुणाला पाठवायचं, ते तुम्हीच सांगा."

रस्त्यावरची नजर न काढता अण्णा म्हणाले, "ज्याच्या घरात दुसरं पोर हाय, त्याला धाडा."