चुकामूक झाली तर

माझ्या सासूबाई कुठल्याही नव्या जागी पोहोचल्या की आधी विचारत, "चुकामूक झाली तर कुठे?" समोर किल्ला असो, तळं असो की साधं सुपरमार्केट, त्यांना पहिल्यांदा एक जागा ठरवून हवी असे. ती ठरली की मग त्या बाकीचं जग बघायला मोकळ्या होत. आमच्या हेर्त्सोगेनआउराखच्या सुपरमार्केटमध्ये ती जागा होती रिकाम्या बाटल्या गिळून फांटची, म्हणजे बाटलीच्या अनामत पैशांची, चिठ्ठी देणाऱ्या मशीनपाशी. घराला आग लागली तर अंगणातल्या रद्दीच्या निळ्या डब्यापाशी. हे त्यांनी जर्मनीत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ठरवून टाकलं आणि खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनाही खुणा करून सांगितलं. त्या बाईंना किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी गंभीरपणे "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणून मान डोलावली.

निनाद, म्हणजे माझा नवरा, हसायचा. "आई, मोबाइल नावाची एक गोष्ट असते गं."

"त्याची बॅटरी संपते. खांबाची संपत नाही."

मी एकदा बराच धीर गोळा करून विचारलं, की निनाद लहानपणी जत्रेबित्रेत हरवला होता का. मला वाटलं होतं, या सगळ्यामागे तसं काहीतरी असणार.

"कुणीही हरवलं नाही," त्या म्हणाल्या. "जागा ठरलेली असायची, म्हणून नाही हरवलं."

धीर गोळा करून म्हटलं, त्याचं कारण आहे. मी त्यांना हाकच मारत नसे. मी पुण्याची, शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात आईला 'ममा' म्हणणारी. लग्न झाल्यावर सगळ्यांनी गृहीत धरलं की मी यांना 'आई' म्हणेन. मला ते जमेना. माझ्या तोंडून ते पाठ केल्यासारखं येईल आणि त्यांना ते लगेच कळेल, अशी भीती वाटायची. 'काकू' म्हटलं असतं तर ती बातमी संध्याकाळपर्यंत सासरी साताऱ्याला पोहोचली असती. म्हणून मी हाकेशिवाय भागवायला शिकले. त्या स्वयंपाकघरात असल्या की दाराशी जाऊन उभी राहायचे, त्यांनी वर पाहिलं की, "चहा घेताय ना?" दुसऱ्या खोलीतून त्यांच्याशी मी कधी बोललेच नाही. हे कुणाच्या लक्षात आलं नसेल अशी माझी समजूत होती.

"ही बाई मांजरासारखी येऊन उभी राहते," त्या निनादला सांगायच्या. "हिच्या गळ्यात घंटा बांध एखादी."

त्या तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. घरमालकीणबाईंच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी फ्रान्समधल्या एका चौकाचं चित्र पाहिलं. नान्सी शहरातला प्लास स्तानिस्लास. चारी कोपऱ्यांना काळ्या लोखंडाच्या उंच जाळ्या आणि त्यांवर सोन्याची वेलबुट्टी. "देवाच्या दाराला नाही एवढं सोनं, आणि इथे नुसत्या रस्त्याला!" एवढं एकच त्यांनी आपणहून बघायचं म्हटलं होतं, म्हणून आम्ही जायचं ठरवलं.

मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. काय काय बिघडू शकेल ते आधीच शोधून ठेवायचं, याचा मला पगार मिळतो. त्यामुळे जायच्या आदल्या दिवशी मी बिघडण्यासारखं सगळं मनात मोजलं. त्यांना मधुमेह होता, इन्शुलिन चालू होतं, साखर एकदम उतरायची. विमा फ्रान्समध्ये चालतो का ते पाहिलं. ग्लुकोजची बिस्किटं, गोळ्या, पासपोर्ट, त्यांची पर्स, सगळं माझ्याच पाठीवरच्या बॅगेत घेतलं, म्हणजे त्यांना ओझं नको. त्यांचा लालभडक स्वेटर लांबून उठून दिसायचा, म्हणून इथल्यासारखं निळं जॅकेटही घालायला लावलं.

चौक कॅलेंडरातल्यापेक्षा कितीतरी मोठा निघाला. पांढुरक्या फरसबंदीवर एकही गाडी नाही, कडेनं कॅफेंची टेबलं, आणि मधोमध उंच, रुंद चौथऱ्यावर एका राजाचा पुतळा, हात पुढे करून उभा.

"चुकामूक झाली तर इथे," सासूबाई म्हणाल्या. "राजा स्वतः बोट दाखवून सांगतोय."

"जा, जा," निनाद जर्मनमधलं 'हो, हो' म्हणाला.

"सारखा कुणाला जा जा म्हणून हाकलतोस रे?"

जेवणात त्यांनी अर्धी ताटली तशीच ठेवली. सगळ्यात अंडं असल्याचा त्यांना संशय होता. त्यांचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा निनाद पार्किंगमधून गाडी जवळ आणायला गेला. त्यांना कोपऱ्यातल्या कारंज्याजवळच्या बाकावर बसवून मी पाणी आणायला गेले. दुकानात रांग होती. माझ्या पुढची बाई एकेक केक निवडत होती. मला 'जरा घाईत आहे' म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही.

परत आले तर बाकावर एक माणूस सँडविच खात बसला होता.

आधी मी शांतपणे इकडेतिकडे पाहिलं. मग त्यांना फोन लावला. वायफाय नसलं की त्यांचा फोन मुका, हे मला ठाऊक होतं, तरी लावला. मग निनादला. "पुतळ्यापाशी जा, आई तिथेच असणार," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काळजी नव्हती, त्यानं माझी जास्तच वाढली.

पुतळ्यापाशी त्या नव्हत्या. समोर शाळेची सहल बसली होती. मी थांबले. मागच्या बाजूला असतील म्हणून चौथऱ्याला वळसा घातला. नाहीत. पुन्हा वळसा घातला. चौकात जिकडे पाहावं तिकडे निळी जॅकेटं होती. त्यांनी जेवण टाकलं होतं, बिस्किटं माझ्या पाठीवर होती, आणि कुठल्यातरी गल्लीत त्या भोवळ येऊन बसल्या असतील तर त्यांना आपलं नाव तरी सांगता येईल का, हे माझ्या डोक्यात फिरत होतं.

हाक मारायला हवी होती. मी तोंड उघडलं आणि तोंडात काही नव्हतंच. दोन वर्षांत मी त्यांच्यासाठी एकही शब्द तयार ठेवला नव्हता.

"आई," मी म्हटलं. समोरच्या सहलीतल्या एका मुलीनं फक्त वर पाहिलं.

"अहो आई!"

कॅफेंच्या टेबलांवरची डोकी वळली. तेव्हा चौथऱ्याच्या पलीकडून आवाज आला, "अगं, आहे इथेच! तू कुठे आहेस?"

"पुतळ्यापाशी!"

"मी काय मग स्टँडवर आहे? पुतळ्यापाशीच आहे!"

मी धावत वळसा घातला. तिथे कुणी नव्हतं. आवाज आता मी सोडून आले त्या बाजूनं येत होता. "अगं, थांब ना!" मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या चौथरा उजव्या हाताला ठेवून फिरत होत्या, देवळात फिरतो तशा. आणि मीही. उलटं फिरायचं दोघींच्याही मनात आलं नव्हतं.

"आई, हलू नका!" मी ओरडले आणि उलट्या बाजूनं गेले.

त्या चौथऱ्याला पाठ टेकून उभ्या होत्या. चेहरा पांढरा, कपाळावर घाम, हात गार आणि थरथरता. मी बिस्किटांचा पुडा दातांनी फाडला. त्या मुकाट्यानं खात राहिल्या. मी त्यांचा हात सोडला नाही. बऱ्याच वेळानं रंग परत आला, तसा आवाजही.

"बाकावर ऊन आलं, तू दिसेनास, म्हणून ठरल्या जागी आले. आपलं चुकलं कुठे, कळलं का? जागा ठरवली, पण थांबायचं कुणी ते नाही ठरवलं. पुढच्या वेळी मी थांबेन. तू फिरायचंस. आणि उलटं फिरायचंस."

मी मान हलवली. मला रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून मी बॅगेची चेन लावत बसले.

"आणि एवढा आवाज होता," त्या म्हणाल्या, "तर दोन वर्षं ठेवला कुठे होतास?"

गाडीत निनादनं विचारलं, चौक कसा वाटला. "छान आहे. सोनं पुसायला किती माणसं ठेवलीत कोण जाणे." त्या एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी बाहेरच्या खोलीतून विचारलं, "आई, चहा?" आणि स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "टाक, अर्धा कप." जणू मी रोजच विचारत होते.

फ्रँकफर्टच्या विमानतळावर, तपासणीच्या रांगेत शिरता शिरता त्या मागे फिरल्या. "दिवाळीत याल ना? मुंबईला बाहेर पडलात की डाव्या हाताला फुलवाला आहे. त्याच्या शेजारचा खांब. येताना बघून ठेवलाय मी."

"आई, आम्ही करू ना टॅक्सी," निनाद म्हणाला. " साताऱ्याहून एवढ्या लांब कशाला?"

"मी थांबेन म्हटलंय हिला," त्या म्हणाल्या.

दिवाळीच्या आधीच आम्हाला जावं लागलं. फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. आईंना हृदयविकाराचा झटका आला, घराच्या अंगणातच गेल्या. मिळालं ते विमान धरलं.

मुंबईला विमानतळाबाहेर आलो. निनादचे मामा गाडी घेऊन रस्त्यापलीकडे उभे होते, हात हलवत होते. डाव्या हाताला फुलवाला होता. त्याच्या शेजारी खांब. भोवती नावांच्या पाट्या धरलेली माणसं, सामानाच्या गाड्या, कुणाची तरी हारतुऱ्यांची गडबड.

"चल," निनाद म्हणाला, "मामा थांबलेत."

मी बॅग त्याच्या हातात दिली आणि खांबाला एक फेरी मारून आले. उलटी.