यंत्र थांबवून बोलणारे नाना

नाना गेल्याची बातमी डाळमिलच्या मोबाइल ग्रुपवर आली तेव्हा सगळी यंत्रं धडधडत होती. मी वाचली आणि तसाच उभा राहिलो. समोर डाळ निवडणाऱ्या इंदूअक्कानं हातानंच विचारलं, काय झालं? मी स्क्रीन तिच्यापुढे धरली. ती उठली, भिंतीपाशी गेली आणि मेन स्विच खाली ओढला. "नाना गयात," ती सगळ्यांना म्हणाली. तेवढंच... तुरीचा भुसा हवेत तरंगत राहिला.

नाना आमचे मॅनेजर, मी तिथला मिस्त्री. त्यांचा आवाज असा, की जळगावात हाक मारली तर पाचोऱ्याला गाडी थांबावी! यात थोडी भर माझी असेल. पण नानांनी हीच गोष्ट सांगितली असती तर गाडी उलटी फिरून जळगावला आली असती. मिलच्या धडधडाटात आम्ही खुणांनी बोलतो. असा आवाज असूनही, माणसाच्या पोटाचा प्रश्न असला की नाना आधी यंत्र थांबवायचे.

एका मंदीत शेठनं सांगितलं, "दुसरी पाळी बंद. गेटवर कागद लावून टाका." नाना म्हणाले, "शेठ, कागदाला उलट प्रश्न विचारता येत नाही." खाली आले, स्विच ओढला, पण मग पोत्यांच्या थप्पीवर चढून आमदारासारखे सुरू झाले. बाजारभाव, वीजबिल, उत्पादनखर्च...

"नाना, खाले उतरा," अक्का कडाडली. "वरथीन बोललेलं आमले समजत नही."

नाना वरमले. खाली उतरले, निवडणाऱ्या बायकांचं बुटकं स्टूल ओढून बसले. आम्ही उभे, मॅनेजर खाली! "सांगा," म्हणाले आणि गप्प झाले. नाना गप्प? मला वाटलं, आता तापी उलटी वाहणार. मग हळूहळू लोक बोलू लागले. शेवटी अक्का म्हणाली, "काम बठ्ठासले वाटी द्या. कोनी घर बसाले नको."

काम सगळ्यांत वाटायचं, हे नाना शेठशी भांडून मान्य करवून आले. पाळी बंद झाली, पगार रोडावले. पण नवी तूर येईपर्यंत घरी कोणी बसलं नाही. ते स्टूल तेव्हापासून स्विचखालीच असतं.

गेल्या आठवड्यात ग्रुपवर नव्या मॅनेजरांचा निरोप आला : दुसरी पाळी बंद. कुणी अंगठासुद्धा टाकला नाही. दुपारी ते स्वतः ऑफिसच्या जिन्यावर आले, अर्ध्यात थांबून काहीतरी बोलू लागले. ओठ हलताना दिसत होते, ऐकू काहीच येत नव्हतं.

अक्कानं स्विच ओढला. मग पदरानं स्टुलावरचा भुसा पुसला आणि बाजूला उभी राहिली.

साहेबांनी स्टुलाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. खाली आले. बसले.

आणि यंत्र कुणी सुरू केलं नाही.